कुत्रीच्या मेटिंगचा दिवस नेमका कसा ठरवायचा

कुत्री माजावर आली की बहुतेक जण रक्त दिसल्याचा दिवस पहिला धरतात आणि अकराव्या-तेराव्या दिवशी तिला नराला दाखवतात. पुष्कळदा हे जमूनही जातं, कारण निरोगी नराचे शुक्राणू मादीच्या आत पाच ते सात दिवस तग धरतात आणि आपली थोडीफार चूक सांभाळून घेतात. पण एखादी निरोगी कुत्री सातव्या दिवशीच बीजांडं सोडते, तर दुसरी पंचविसाव्या दिवशी. अकरावा-तेरावा दिवस पहिलीला उशिराचा आणि दुसरीला फारच लवकरचा. कुत्री रिकामी राहिली की लोक आधी तिच्यात किंवा नरात दोष शोधतात. पण रिकामं राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण चुकीच्या दिवशी झालेलं मेटिंग हेच असतं. म्हणून रक्त कधी दिसलं यावरून दिवस मोजू नका. बीजांडं कधी सुटली, म्हणजे ओव्ह्युलेशन कधी झालं, तिथून मोजा.

आत काय घडत असतं

माजाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असतो. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजते, रक्तस्राव होतो, नर मागे लागतात, पण मादी चढू देत नाही. दुसरा टप्पाही सरासरी नऊ दिवसांचा, आणि त्यात ती नराला उभी राहते. 'सरासरी' या शब्दावर विसंबू नका. यातला कोणताही टप्पा तीन दिवसांत उरकू शकतो किंवा तीन आठवडे लांबू शकतो.

पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढतं. ते उतरू लागतं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हळूहळू वर येऊ लागतं, त्या वळणावर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच या हार्मोनची एकदम उसळी येते. त्यानंतर साधारण दोन दिवसांनी बीजांडं सुटतात. कुत्रीचं वेगळेपण इथे आहे. तिची बीजांडं सुटताना कच्ची असतात. फलन होण्याजोगी पिकायला त्यांना आणखी दोन ते तीन दिवस लागतात आणि पिकल्यावर ती दोन-तीन दिवसच टिकतात. म्हणजे खरा फळण्याचा काळ ओव्ह्युलेशननंतरच्या दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतचा. हे ध्यानात असलं की पुढचं सगळं गणित सोपं होतं. ओव्ह्युलेशनच्याच दिवशी घाई करण्यात अर्थ नाही, कारण अंडी अजून तयार नसतात.

माज येण्याआधी उरकायची कामं

माज सुरू झाल्यावर तपासण्यांना वेळ पुरत नाही, म्हणून या गोष्टी महिनाभर आधी करा.

ब्रुसेला कॅनिसची रक्ततपासणी दोघांचीही करायलाच हवी. हा जिवाणू मेटिंगमधून पसरतो, गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गर्भपात घडवतो, नराचे वृषण बिघडवतो आणि माणसालाही लागू शकतो. औषधांनी तो शरीरातून पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही, त्यामुळे बाधित जनावर पैदाशीतून कायमचं वगळावं. लागण ताजी असेल तर तपासणीत ती काही आठवडे दिसतही नाही. म्हणून ज्यांची मेटिंग वारंवार होतात अशा नरांची तपासणी दर वेळी नव्याने मागा, मागच्या वर्षीचा कागद चालवून घेऊ नका.

लसी आणि जंताचं औषध आधीच देऊन ठेवा. वजन बेतात ठेवा. डॉक्टरांकडून मादीच्या योनिमार्गाची बोटाने तपासणी करून घ्या. आत पडदा किंवा अरुंद कडं असेल तर नर आत जाताच ती दुखून ओरडते, आणि हे मेटिंगच्या दिवशी कळणं दोघांसाठीही वाईट. पहिल्या माजात मेटिंग करू नका. शरीराची वाढ पुरी झालेली असावी आणि त्या जातीत नेहमी आढळणाऱ्या आनुवंशिक दोषांच्या तपासण्या झालेल्या असाव्यात. खुब्याच्या सांध्याचा पक्का एक्स-रे दोन वर्षांचं वय झाल्याशिवाय भरवशाचा नसतो, त्यामुळे मोठ्या जातींत तेवढं थांबावंच लागतं.

नराच्या वीर्याची तपासणी सहसा राहून जाते. निदान ७० टक्के शुक्राणू सरळ पुढे पळणारे असावेत आणि एका वेळच्या वीर्यात एकूण संख्या २० ते ३० कोटींच्या पुढे असावी. कित्येक महिने न वापरलेल्या नराच्या पहिल्या वीर्यात जुने, मेलेले शुक्राणू बरेच असतात. अशा नराचं वीर्य मेटिंगच्या आठवडाभर आधी एकदा काढून टाकणं चांगलं. नवा शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात. त्यामुळे नराला दीड महिन्यापूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम आजच्या वीर्यात दिसू शकतो.

पहिला दिवस पकडणं

काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून स्वच्छ ठेवतात की घरच्यांना रक्त चार-पाच दिवसांनी दिसतं. माज जवळ आला असेल तर रोज सकाळी निरणीला पांढरा टिश्यू टेकवून पाहा आणि पहिला गुलाबी डाग दिसला ती तारीख लिहून ठेवा. ही तारीख मेटिंगसाठी नाही, तपासण्या कधी सुरू करायच्या ते ठरवण्यासाठी आहे.

मग बाहेरची लक्षणं पाहत राहा. आधी निरण फुगून घट्ट, ताणलेली असते. ओव्ह्युलेशनच्या आसपास ती मऊ पडते आणि तिच्यावर सुरकुत्या येतात. शेपटीच्या मुळाशी खाजवलं की शेपूट बाजूला जाते आणि निरण वर उचलली जाते. स्राव लालवरून फिका गुलाबी, पेंढ्यासारखा पिवळट होतो. या खुणा उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर एकट्यांवर दिवस ठरवू नये. कित्येक कुत्र्यांचा स्राव शेवटपर्यंत लाल राहतो. काही ओव्ह्युलेशनच्या पाच-सहा दिवस आधीच नराला उभ्या राहतात, तर काही वर्चस्व गाजवणाऱ्या माद्या ऐन दिवशीही गुरगुरतात. बीजांडं पिकली आहेत की नाही हे शेपटीवरून कळत नाही.

प्रोजेस्टेरॉन तपासणी

दिवस पकडायचं सर्वांत भरवशाचं साधन हेच. बाकी सगळं तिला जोड म्हणून.

पहिलं रक्त दिसल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पहिला नमुना द्या. नंतर दर दोन-तीन दिवसांनी. आकडा २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला पोहोचला की रोज किंवा दिवसाआड. आकड्यांचा अर्थ साधारण असा लावतात:

- १ च्या खाली: अजून पहिला टप्पा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा.
- १.५ ते ३: एलएचची उसळी याच्या आसपास. ओव्ह्युलेशन सुमारे दोन दिवसांवर.
- ४ ते ८: ओव्ह्युलेशन. ५ हा आकडा बहुतेक जण खूण म्हणून धरतात.
- १० ते २० आणि वर: बीजांडं पिकत आहेत किंवा पिकलेली आहेत.

५ ओलांडल्यावरही दोन दिवसांनी एक नमुना जरूर द्या. आकडा चढतच राहिला तर ओव्ह्युलेशन खरोखर झालं. तो तिथेच रेंगाळला किंवा परत उतरला तर झालेलं नाही, आणि त्या दिवशीचं मेटिंग वाया जाईल.

एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पहिल्याच तपासणीत ३ आला तर तो चढणीवरचा की एकाच जागी अडकलेला, हे दुसऱ्या नमुन्याशिवाय कळत नाही. पहिलाच आकडा २० च्या पुढे आला तर ती ऐन काळात असेल किंवा काळ उलटूनही गेला असेल, कारण माज संपल्यावरही प्रोजेस्टेरॉन बरेच आठवडे वरच राहतं. अशा वेळी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन केलेली तपासणी, निवाडा करतो, तो पुढे येतोच.

नमुन्याच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्यायला सांगा. जेल असलेली नळी नको, कारण जेल प्रोजेस्टेरॉन शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर करा. दोन यंत्रांच्या आकड्यांत एवढा फरक पडू शकतो की चढ नसताना चढ वाटावा. आणि एकक पाहा. अहवाल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर ३.१८ ने भागा. असं एकक न पाहता १६ हा आकडा वाचला तर ऐन दिवस वाटतो, प्रत्यक्षात तो ५ असतो. प्रोजेस्टेरॉनचा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच आहे, त्यामुळे माणसांच्या प्रयोगशाळेतही ही तपासणी करतात. तिथल्या अहवालावर छापलेली 'नॉर्मल रेंज' मात्र बायकांची असते, ती सोडून द्या आणि अहवाल त्याच दिवशी मिळेल का हे आधी विचारून घ्या. दोन दिवसांनी हाती आलेला आकडा इथे निम्म्या उपयोगाचा.

एलएचची थेट तपासणीही असते, पण उसळी चोवीस तासांच्या आसपासच टिकते. रोज नमुना दिला नाही तर ती निसटते. प्रोजेस्टेरॉनवरून काम भागतं.

स्मिअर

निर्जंतुक कापसाची काडी सलाईनमध्ये ओली करायची. निरणीच्या वरच्या कोपऱ्यातून, आधी पाठीच्या कण्याच्या दिशेने तिरकी वर आणि मग आडवी आत न्यायची. सरळ आत ढकलली तर ती खालच्या खोबणीत जाते, तिथे दुखतं आणि पेशीही चुकीच्या मिळतात. काडी हलकेच फिरवून काढायची, काचपट्टीवर लोळवायची (घासायची नाही, पेशी फाटतात), वाळवून रंगवायची.

पहिल्या टप्प्यात गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी आणि तांबड्या पेशी दिसतात. मादी उभी राहण्याच्या काळात ८० ते ९० टक्क्यांहून जास्त पेशी चपट्या, कोनदार, वाळक्या पापुद्र्यासारख्या होतात. त्यांचं केंद्रक बारीक होतं किंवा नाहीसं होतं, आणि पार्श्वभूमी स्वच्छ दिसते. मग एका दिवसात चित्र पालटतं: गोल पेशी परततात आणि पांढऱ्या पेशींची गर्दी होते. हा माज संपल्याचा दिवस, ओव्ह्युलेशननंतर साधारण सहावा. त्यानंतरच्या मेटिंगला अर्थ नाही.

स्मिअर पुढचा दिवस सांगू शकत नाही, कारण चपट्या पेशी ओव्ह्युलेशनच्या बऱ्याच आधीपासून दिसत राहतात. पण माज संपला की नाही हे तो स्वस्तात आणि खात्रीने सांगतो. प्रोजेस्टेरॉन २० च्या पुढे आणि पेशी अजून चपट्या असतील तर आजच मेटिंग करा. प्रोजेस्टेरॉन २० च्या पुढे आणि गोल पेशी परतलेल्या असतील तर या वेळची संधी गेली.

तारीख काढणं

समजा रक्त १ मार्चला दिसलं. ६ मार्चला आकडा ०.६, ९ ला १.१, ११ ला २.४, १३ ला ५.९ आणि १५ ला १३. ओव्ह्युलेशन १३ मार्चला धरायचं.

नैसर्गिक मेटिंग १५ आणि १७ मार्चला. एकच होणार असेल तर १६ ला. रोज मेटिंग करून फायदा नाही, नराच्या शुक्राणूंची संख्या घटते. ४८ तासांचं अंतर ठेवा.

थंड करून पाठवलेल्या वीर्याचे शुक्राणू आत दोन-तीन दिवस जगतात. ते १५ आणि १७ ला, किंवा एकच नमुना येणार असेल तर १६ ला. तो कधी मागवायचा हे ओव्ह्युलेशन पक्कं होताच ठरवा, म्हणजे वाहतुकीचा दिवस हिशेबात येतो.

गोठवलेलं वीर्य वितळल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. इथे चुकीला जागाच नाही. ते १६ मार्चला, ओव्ह्युलेशननंतर तिसऱ्या दिवशी, आणि योनीत न सोडता थेट गर्भाशयात पोहोचवावं लागतं. गोठवलेल्या वीर्यासाठी प्रोजेस्टेरॉन तपासणी टाळणं म्हणजे ते वीर्य फेकून देणं.

मेटिंगच्या वेळी

मादीला नराच्या जागी न्या. स्वतःच्या जागेत नर जास्त निर्धास्त असतो. फरशी घसरडी नको, रबराची चटई टाका. सकाळची गार वेळ बरी, आणि नराला आधीचे काही तास खायला देऊ नका. मादीच्या शेपटीजवळचे लांब केस बांधा किंवा कापा. दोघांनाही पट्ट्याला धरून भेटवा, थोडं हुंगू-खेळू द्या. माणसं दोनच पुरेत, एक मादीच्या डोक्याशी आणि एक मदतीला. वंगण म्हणून कोणतीही जेली लावू नका, बऱ्याच जेली शुक्राणूंना घातक असतात.

नर आत गेल्यावर त्याच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ फुगते आणि दोघं अडकतात. नर मग पाय ओलांडून पाठमोरा होतो. हे सहसा ५ ते ३० मिनिटं चालतं, कधी त्याहून जास्त. या वेळी मादीला बसू, लोळू किंवा ओढू देऊ नका. ओढून सोडवणं किंवा पाणी ओतणं यातून दोघांनाही गंभीर इजा होते. दोघं अडकले नाहीत तरी मादी गाभण राहू शकते, कारण शुक्राणूंचा मुख्य भाग सुरुवातीलाच येतो. अशा वेळी तिचा मागचा भाग पाचेक मिनिटं वर धरा.

सुटल्यावर नराचं लिंग पूर्ण आत गेलं का ते पाहा. अर्ध्या तासात गेलं नाही तर ओलं ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्या, त्याचा रक्तपुरवठा अडकू शकतो.

आकडे जुळत असूनही मादी नराला अंगावर घेत नसेल तर तोंड बांधून, दाबून धरून मेटिंग करवू नका. वेदना, आतला पडदा किंवा नुसती नापसंती, यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि हवं तर कृत्रिम रेतन करा.

जिथे गोंधळ होतो

तरुण कुत्र्यांत माज सुरू होऊन मध्येच थांबतो आणि दोन ते आठ-दहा आठवड्यांनी परत येतो. पहिल्या वेळी बीजांडं सुटलेलीच नसतात. दुसरा माज सहसा सुपीक असतो, त्यामुळे 'आत्ताच तर होऊन गेला' म्हणून तो सोडू नका. याउलट मुका माज असतो, त्यात रक्त आणि सूज जवळजवळ दिसतच नाहीत. वर्ष उलटूनही माज आला नाही असं वाटत असेल तर दर महिन्या-दोन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन पाहावं. ते वर असलं तर माज नुकताच होऊन गेलेला असतो.

रक्तस्राव तीन आठवड्यांच्या पुढे चालू राहिला आणि प्रोजेस्टेरॉन हलत नसेल तर अंडाशयातल्या गाठीची शंका घ्या. माज नसताना थेंबथेंब रक्त येणं हे मेटिंगमधून पसरणाऱ्या टीव्हीटी या गाठीचंही लक्षण असतं. आत फुलकोबीसारखी वाढ दिसते, आणि लांबलेला माज समजून अशा मादीला नराला दाखवलं तर नरालाही ती गाठ होते.

मेटिंग झालं म्हणून पहारा सोडू नका. मादी त्याच माजात दुसऱ्या नराकडूनही गाभण राहू शकते, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. स्मिअरमध्ये गोल पेशी परतेपर्यंत, किंवा स्मिअर करत नसाल तर सूज आणि स्राव पूर्ण थांबून आठवडा होईपर्यंत तिला बंदोबस्तात ठेवा.

पुढचे दोन महिने

गाभण आहे का हे प्रोजेस्टेरॉनवरून कळत नाही. रिकाम्या कुत्रीतही ते तेवढंच चढलेलं असतं, म्हणूनच खोटी गर्भधारणा इतकी सर्रास दिसते. ओव्ह्युलेशननंतर २८ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी करा. पिल्लं मोजायला ५५ दिवसांनंतरचा एक्स-रे.

माजानंतरच्या दोन महिन्यांत मादी खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, मलूल पडली किंवा पू येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गर्भाशयात पू होणं जिवावर बेततं, आणि गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही.

ओव्ह्युलेशनची तारीख हाती असण्याचा आणखी एक फायदा विण्याच्या वेळी होतो. मेटिंगपासून मोजलं तर पिल्लं ५७ ते ७२ दिवसांत कधीही येऊ शकतात. ओव्ह्युलेशनपासून मोजलं तर ६३ दिवस, एखादा दिवस इकडे-तिकडे. वरच्या उदाहरणात १४ ते १६ मे. स्मिअर रोज पाहिला असेल तर गोल पेशी परतल्यापासून ५७ दिवस मोजा, तो हिशेबही त्याच तारखेशी जुळतो. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातून तापमान घ्या. ते ३७.२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधारण १२ ते २४ तासांत वेणा सुरू होतात. ओव्ह्युलेशनपासून ६५ दिवस होऊनही हालचाल नसेल, किंवा सिझेरियन ठरलेलं असेल, तर डॉक्टरांना हीच तारीख आणि सगळे आकडे दाखवा. पिल्लं पूर्ण वाढलेली आहेत की नाहीत हे ते त्यावरूनच ठरवतील.